‘नर्सच ना?’



मी बेळगावची. आमच्या घराजवळच्या रस्त्यावरून पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातले रिक्रूट पळत जायचे. त्यांच्या बुटांच्या आवाजानं आम्ही उठायचो. लष्कर म्हणजे ते बूट, एवढीच माझी समजूत होती. त्या लष्करात आपण कधी जाऊ, तेही हातात बंदूक न घेता, असं बारावीपर्यंत डोक्यातही नव्हतं.

पुण्याला ए.एफ.एम.सी.च्या नर्सिंग कॉलेजात माझी निवड झाली, तेव्हा घरी पेढे वाटले. आत्या आली होती. तिनं पेढा हातात घेतला आणि आईला विचारलं, “लष्करात म्हणजे काय गं, नर्सच ना?”

त्या ‘च’शी माझं पुढं पंचवीस वर्षं भांडण चाललं. लग्नात, रेल्वेच्या डब्यात, बँकेत, अगदी आमच्या हॉस्पिटलातसुद्धा. खांद्यावर तारे बघून लोक विचारायचे, “मॅडम, तुम्ही ऑफिसर?” मी हो म्हणायचे. “डॉक्टर?” नाही, नर्सिंग ऑफिसर. “अच्छा, म्हणजे नर्सच.”

आज या ‘च’बद्दलच बोलायचं आहे. नर्सिंग शिकलेली मुलगी लष्करात गेली तर वॉर्डात गोळ्या-इंजेक्शनं देण्यापलीकडे काय काय करू शकते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आधी थोडं या सेवेविषयी. १८८८ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून दहा प्रशिक्षित नर्सेस मुंबईत उतरल्या. इथल्या लष्करी दवाखान्यांतली शुश्रूषा शिस्तीत बसवायची, हे त्यांचं काम. तिथून ही सेवा सुरू होते. १ ऑक्टोबर १९२६ ला भारतीय नर्सेसची कायमस्वरूपी सेवा उभी राहिली. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४३ च्या अध्यादेशानं तिला सैन्यदलात स्थान मिळालं आणि नर्सेसना कमिशन्ड ऑफिसरचा दर्जा आला. लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत हुद्दे आहेत. १९७६ मध्ये गर्ट्रूड अलाइस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय लष्करात त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री कोण, तर एक नर्स! हे मी आत्याला पुढं कधीतरी सांगितलं. ती म्हणाली, “बाई गं!” पण तोवर मी मेजर झाले होते, त्यामुळे तिचा सूर तसाही बदलला होता.

आता कामाचं बोलू. पहिली वाट, विमानातली.

जखमी किंवा गंभीर आजारी जवानाला पुढच्या भागातून मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं, तर पुष्कळदा मालवाहू विमानातून न्यावं लागतं. स्ट्रेचर एकावर एक बांधलेले असतात. त्यांच्याबरोबर डॉक्टर असतो किंवा नसतो, नर्सिंग ऑफिसर असते. वॉर्डात जे हात आपोआप करतात, ते तिथं चालत नाही. इंजिनांचा आवाज एवढा असतो की स्टेथोस्कोप नुसता गळ्यात लटकवायचा. श्वास ऐकू येत नाही, तर छाती वरखाली होते का ते बघायचं. नाडी बोटांनीच धरायची. अलार्म वाजला तरी कळणार नाही, म्हणून डोळे मॉनिटरवरच ठेवायचे.

आणि हवा फुगते. विमानाच्या आतला दाब आठ हजार फूट उंचीएवढा असेल, तर बंद जागेतली हवा जमिनीवरच्या मानानं साधारण एक तृतीयांशानं वाढते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा फुगा हवेनं भरलेला असेल, तर तोही वाढतो आणि श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला इजा करू शकतो. म्हणून त्याचा दाब मोजत राहायचा, नाहीतर आधीच हवेऐवजी सलाइन भरायचं. छातीत हवा साठलेला रुग्ण असेल, तर नळी घालून ती हवा बाहेर काढण्याची सोय केल्याशिवाय त्याला वर न्यायचंच नाही. बारावीत बॉइलचा नियम पाठ केला होता, दोन मार्कांसाठी. तो असा समोर येईल हे ठाऊक नव्हतं.

माझी एक चूक सांगते. पहिल्याच मोहिमेत मी ऑक्सिजनचा हिशेब केला. सिलिंडरमध्ये किती लिटर, रुग्णाला मिनिटाला किती, उड्डाण किती मिनिटांचं. गणित बरोबर होतं. फक्त मी विमान जमिनीवर उभं असतानाची वेळ धरली नव्हती. हवामान बिघडलं, आम्ही धावपट्टीवर पाऊण तास थांबून राहिलो आणि सिलिंडरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली येत गेला. हवाई दलाच्या एका सार्जंटनं तिथल्या वैद्यकीय कक्षातून दुसरा सिलिंडर पळत जाऊन आणला. रुग्णाला काही झालं नाही. पण त्या पाऊण तासात मला जे शिकायला मिळालं ते चार वर्षांच्या कॉलेजात मिळालं नव्हतं. तेव्हापासून जो आकडा येईल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन बरोबर घ्यायचा, हा माझा नियम. पुढं माझ्या विद्यार्थिनींना मी आधी ही गोष्ट सांगायची आणि मगच गणित शिकवायची.

दुसरी वाट समुद्राकडची. माझी एक बॅचमेट नौदलाच्या हॉस्पिटलात दाबकक्षावर काम करायची. पाणबुड्या खोल पाण्यातून घाईनं वर आला, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, कधी पाय लुळे पडतात. त्याला पोलादी कक्षात घालून पुन्हा अठरा मीटर खोलीएवढा दाब द्यायचा, ऑक्सिजन द्यायचा आणि हळूहळू दाब उतरवत आणायचा. चार-पाच तास लागतात. रुग्णाला एकट्याला आत ठेवत नाहीत, नर्सही आत बसते. म्हणजे तिच्याही कानांवर, तिच्याही रक्तावर तोच दाब. आत जाताना कपडे सुतीच हवेत, खिशात काडेपेटी-लायटर काही चालत नाही, कारण ऑक्सिजन जास्त असला की ठिणगी पुरते. ती गमतीनं म्हणायची, “तुम्ही पेशंटच्या उशाशी बसता, मी पेशंटबरोबर बुडते.” न भरणाऱ्या मधुमेही जखमांवरही अशा कक्षात उपचार होतात, त्यामुळे हे कौशल्य बाहेरच्या हॉस्पिटलांतही चालतं.

तिसरी, देशाबाहेरची. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताची फील्ड हॉस्पिटलं असतात. काँगोमधल्या गोमा शहरातलं आपलं हॉस्पिटल पुष्कळांनी ऐकलं असेल. तिथं नर्सिंग ऑफिसर जातात. एकाच वॉर्डात चार देशांचे सैनिक, भाषा कुणाची कुणाला येत नाही आणि मलेरियाचा ताप सगळ्यांना सारखाच.

चौथी वाट फार कमी जणी मागून घेतात. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांची. पुण्याजवळ खडकीला अशा जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे आणि लष्करी हॉस्पिटलात त्यांच्यासाठी वेगळे उपचार आहेत. बावीस वर्षांचा पोरगा, कमरेखाली काही कळत नाही. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला फोड येतात आणि त्या फोडांनी माणूस दगावू शकतो. लघवी कशी काढायची, हे त्याला स्वतःला शिकवायचं. आणि तो एक दिवस तुम्हाला विचारतो, “सिस्टर, माझं लग्न होईल का?” याचं उत्तर औषधांच्या तक्त्यात नसतं. इथली नर्स त्या पोराची शिक्षिका असते, कधी थोरली बहीण असते. व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळणारी यातलीच मुलं मी पाहिली आहेत. म्हणून सांगते, हे काम उदास नाही.

आता माझ्या वाटेकडे येते. सेवेची शेवटची काही वर्षं मी अवयव प्रत्यारोपण समन्वयक होते. ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर. नाव कचेरीतल्या टेबलासारखं वाटतं, पण काम तसं नाही.

आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीनं प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलात समन्वयक असणं सक्तीचं झालं. रुग्ण मेंदूमृत आहे हे ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला डॉक्टर त्या मंडळात नसतो. हे सगळं झाल्यावर, किंवा होत असताना, कुणीतरी घरच्यांशी बोलायचं असतं. ते मी.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सातारा जिल्ह्यातला एक हवालदार. रजेवरून परत येताना मोटारसायकलचा अपघात. डोक्याला मार. तिसऱ्या दिवशी पहिली तपासणी झाली, मग दुसरी. त्याची बायको तिशीची असेल, आई साठीच्या पुढची. धाकटा भाऊ कोपऱ्यात मोबाइल हातात धरून उभा, पण बघत नव्हता त्याच्याकडे.

मी मराठीत बोलायला लागले तेव्हा बायकोनं पहिल्यांदा मान वर केली. तीन दिवस सगळे तिच्याशी हिंदीत बोलत होते. ती म्हणाली, “मॅडम, ह्यांचं काळीज चालू हाय न्हवं? मग मेलं कसं म्हणायचं?”

हा प्रश्न बरोबर आहे. याला घाईनं उत्तर देणाऱ्या माणसानं हे काम करू नये. मी तिला सांगितलं, श्वास मेंदूच्या सांगण्यावरून चालतो. आत्ता तो यंत्र देतंय. डॉक्टरांनी यंत्राचा श्वास थांबवून, ऑक्सिजन चालू ठेवून, वाट पाहिली. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की जिवंत मेंदू श्वास घ्यायला लावतोच, ते आपल्या हातात नसतं. त्यांचा श्वास आला नाही. दोन्ही वेळा आला नाही. काळजाला स्वतःची गती असते, ऑक्सिजन मिळतोय तोवर ते चालेल. पण ते आता परत येणार नाहीत.

ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प बसले. गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. ते मला कुठल्याही कोर्सात कुणी शिकवलं नाही, रात्रपाळ्यांनी शिकवलं.

मग मी अवयवदानाचं बोलले. नाही म्हणालात तरी कुणाला राग येणार नाही, तुमच्या पेन्शनवर, कुठल्याही हक्कावर परिणाम होणार नाही, हे आधी सांगितलं. आईनं विचारलं, “त्याला दुखंल का?” नाही, आई. “माझ्या लेकाचं तोंड गावाला दाखवता येईल का?” हो. मी स्वतः बघेन.

त्यांनी आपसात बोलून घेतलं. बायको परत आली आणि म्हणाली, “मूत्रपिंड घ्या, यकृत घ्या. पर डोळं नको. वर गेल्यावर त्यांना पोरगी दिसाय पायजे.”

संमतीच्या कागदावर मी डोळ्यांपुढं ‘नाही’ लिहिलं. नंतर एका सहकाऱ्यानं मला म्हटलं, “मॅडम, अंधश्रद्धा आहे, अजून एकदा समजवा. दोघांना दृष्टी मिळेल.” तो चुकीचं काही म्हणत नव्हता. दोन माणसांचा अंधार त्याला दिसत होता. पण मी परत विचारलं नाही. त्या बाईनं तीन दिवसांत जेवढं दिलं, त्यानंतर तिच्याकडे आणखी मागायला जाणं मला जमलं नाही. आजही कधीकधी वाटतं, विचारायला हवं होतं का? याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण तिच्या विश्वासावरच पुढचं सगळं उभं होतं.

त्यानंतरचे तास धावपळीचे. लोकांना वाटतं आता संमती मिळाली, म्हणजे काम झालं. खरं नर्सिंग तिथं सुरू होतं. मेंदू थांबला की रक्तदाब कोसळतो, शरीर थंड पडायला लागतं, लघवी लिटरच्या लिटर होते, रक्तातलं सोडियम वाढत जातं. हे सगळं धरून ठेवावं लागतं, नाहीतर अवयव वाया जातात. एका बाजूला शस्त्रक्रियागृह, दुसरीकडे ज्याला मिळणार त्याच्या तपासण्या, रक्त जुळवणी, पोलिसांचा कागद, कारण अपघात आहे. यकृताला साधारण बारा तास मिळतात, मूत्रपिंडाला त्याहून जास्त, हृदयाला जेमतेम चार ते सहा. मी फोनवर असायची आणि माझ्या दोन नर्सेस त्या हवालदाराच्या उशाशी.

सगळं आटोपल्यावर त्याला आम्ही आंघोळ घातली, दाढी केली, गणवेश चढवला. आईला दिलेला शब्द होता. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “झोपल्यागत दिसतोय.” मी बाहेर आले, जिन्यात बसले आणि रडले. कर्नल असले तरी. त्या दिवशी डायलिसिसवरच्या दोन जणांना मूत्रपिंडं मिळाली. ते कोण, हे त्या कुटुंबाला सांगता येत नाही. त्यांनी विचारलंही नाही.

आता तुमच्यातल्या मुली, आणि त्यांचे आईवडील, मला विचारतील, सगळं गोड आहे का? नाही.

पूर्वी या सेवेत लग्न केलं की नोकरी जायची. एका लेफ्टनंटला १९८८ मध्ये केवळ लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं. नियम १९९५ मध्ये रद्द झाला, पण ती लढत राहिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उघडउघड मनमानी असल्याचं सांगून तिला साठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आज लग्न करता येतं, मुलं होतात, पण बदल्या होतातच. माझे यजमान एका शहरात, मी दुसऱ्या, मुलगी आजीजवळ बेळगावात, अशी तीन वर्षं गेली. अण्णा गेले तेव्हा मी पोचले ती तिसऱ्या दिवशी.

पैशाचंही स्पष्ट सांगते. सातव्या वेतन आयोगात लष्करी सेवा वेतन इतर अधिकाऱ्यांना महिना १५,५०० रुपये आणि नर्सिंग ऑफिसरला १०,८०० रुपये ठरलं. खांद्यावरचे तारे तेच. वरच्या हुद्द्यांच्या जागा कमी, त्यामुळे चांगल्या चांगल्या जणी लेफ्टनंट कर्नललाच थांबतात. हे माहीत असून यायचं असेल तर या. फसवून कुणाला बोलवायचं नाही.

यायचं कसं? बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, नीट परीक्षा द्यावी लागते. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळूर इथल्या सैन्यदलांच्या सहा कॉलेजांत होतं. सगळ्या मिळून साधारण २२० जागा. शिक्षणानंतर सेवा करण्याचा बाँड असतो, तो नीट वाचून सही करा. नर्सिंगची पदवी आधीच झाली असेल, तर शॉर्ट सर्व्हिस कमिशनची परीक्षा असते. सेवा सुरुवातीला काही वर्षांची, पुढं टप्प्यानं वाढवता येते. वय, उंची, तारखा वर्षावर्षाला बघाव्या लागतात, त्या लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावरच बघा, कुणा एजंटाला विचारू नका. मराठी माध्यमाचं दडपण घेऊ नका. मीही मराठी माध्यमातलीच. पहिलं वर्ष इंग्रजीनं रडवतं, दुसऱ्या वर्षी आपण ज्युनिअरना ओरडायला लागतो.

मुलांनी विचारायच्या आत सांगते, ही सेवा फक्त स्त्रियांसाठी आहे. मुलगे आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून जातात. उंच ठाण्यांवर पुष्कळदा तोच एकटा असतो आणि डॉक्टर रेडिओच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या हातांबद्दल मला फार आदर आहे.

आणि गणवेश उतरल्यावर? एअर अ‍ॅम्ब्युलन्स, संसर्ग नियंत्रण, हॉस्पिटलांची गुणवत्ता तपासणी, आपत्ती व्यवस्थापन, अध्यापन. मी आता एका हॉस्पिटलात नव्या समन्वयकांना शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना फॉर्म दाखवत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी जी बाकडी असतात, तिथं एक तास नुसतं बसवते.

आत्या आता नव्वदीच्या घरात आहे. मागच्या खेपेला बेळगावला गेले तेव्हा शेजारणीशी ओळख करून देत होती. “ही माझी भाची. लष्करात कर्नल होती.” मग जरा थांबली आणि म्हणाली, “नर्स आहे.”

‘च’ नव्हता. मी मुद्दाम ऐकलं.